तिसऱ्या दिवशी तळ हलतो

मी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. गाडीत सत्तर माणसं कोंबली तरी कोण कुठं चढलं आणि कोण कुठं उतरणार, हे मला मान वर न करता कळायचं. पण स्वतःच्या घरात माझा बनियन कुठं असतो, हे मला एकसष्ट वर्षांचा होईस्तोवर ठाऊक नव्हतं. हसू नका. तुमच्यातल्या निम्म्या गड्यांनाही ठाऊक नाही, फक्त तुमच्या बायका अजून जिवंत आहेत.

माझी हौसा दोन वर्षांमागं गेली. ती गेल्यावर चौथ्या दिवशी, घर पाव्हण्यांनी भरलेलं असताना, मी न्हाणीतनं ओरडलो, "हौसा, टॉवेल कुठाय?" सगळं घर एकदम गप झालं. मग माझ्या एकुलत्या एक लेकीनं, समीक्षानं, दारातनं हात आत घालून टॉवेल दिला.

पाव्हणे गेले, लेक तिच्या सासरी माधवनगरला गेली आणि वडूजच्या ह्या तीन खोल्यांत मी एकटा उरलो. पसारा कसा झाला ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी काहीच केलं नाही आणि तो झाला. आता एक सदरा घ्या. सकाळी घातला, पेठेत जाऊन आलो, काढला. हा सदरा मळका आहे का? नाही. धुतलेला आहे का? तेही नाही. मग घडी घालून कपाटात ठेवायचा का बादलीत टाकायचा? हौसा काय करायची देव जाणे. मी तो खुर्चीवर टाकायचो. खुर्ची भरली की पलंगावर. पलंग भरला की मी भिंतीकडंला सरकून झोपायचो. ताटं जेवलो तिथंच, पेपर वाचला तिथंच, औषधाची रिकामी पाकिटं खिडकीत. मधूनच राग यायचा आणि आवरायला उठायचो. एक वस्तू हातात घ्यायचो, लोणच्याची रिकामी बरणी म्हणा, आणि तिथंच डोकं बंद पडायचं. ही कुठं जाते? हिची जागा कुठली? बरणी हातात धरून खोलीच्या मधोमध अर्धा-अर्धा तास उभा राहिलोय मी. मग जिथनं उचलली तिथंच परत ठेवायचो आणि चहा प्यायला चौकात जायचो.

अशात समीक्षाला दिवस गेले. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमच्यातली रीत. मी पेढे घेऊन सगळी आळी फिरलो, पण माहेर म्हणजे माणूस लागतं आणि घर लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अक्षय्यतृतीयेला जावई अमृत, त्याची आई रंगुबाई आणि समीक्षा मला भेटायला आली. रंगुबाई बसायला जागा बघत होती. तिनं खुर्चीवरचे कपडे उचलले, तर खाली ताट होतं, आणि ताटात वाळून खडखडीत झालेलं पिठलं. ते पिठलं कधीचं होतं ते मला सांगता आलं नाही. रंगुबाईनं ते कपडे परत त्या ताटावर ठेवले, हळूच, आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "आवं नाना, बाळतपण आमी तिकडंच करतो. तुमी मनाला लावून घिऊ नगा. हितं हिचं करायला बाईमाणूस न्हाई, आन् घर हे असं." माणूस भांडलं असतं तर मी भांडलो असतो. पण बाई खरं बोलत होती, आणि गोड बोलत होती. निघताना समीक्षा गाडीत बसली, काच खाली केली आणि म्हणाली, "आप्पा, मला इथं यायचं होतं." गाडी गेली. मी घरात आलो, पसाऱ्यात उभा राहिलो आणि मोठ्यानं रडलो. मग रुमाल शोधला. तोही सापडला नाही.

आता आक्काचं सांगतो, कारण ही गोष्ट तिचीच आहे.

दगडाबाई माझी थोरली बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आम्ही धनगर. आमच्या बानं मला धाकटा म्हणून वसतिगृहात घालून शिकवलं आणि आक्काला मेंढरांमागं धाडलं. तिला नवरा मिळाला कोंडीबा, तोही मेंढरांमागचा. दिवाळी झाली की निघायचं, पाटणावरनं घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचं. पावसाळ्यातसुद्धा गावाजवळच्या माळावर, ह्या रानातनं त्या रानात. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्याला खत मिळायचं, ह्यांना दाणं मिळायचं. पन्नास वर्षं ही बाई एका जागी तीन दिवसांच्या वर राहिली नाही. पुरुष मेंढरं चारत यायचे. बायका घोडीवर बिऱ्हाड लादून पुढं जायच्या, नवा तळ टाकायच्या आणि भाकरी थापायच्या. तवा, पीठ मळायची काटवट, पिठाची पिशवी, घोंगडी, कोंबड्यांचं खुराडं, सगळा संसार आक्का, मला चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात, घोडीवर बांधायची.

तिचा मुलगा धुळा पाटणच्या अलीकडं एका बांधावर जन्मला. तिसऱ्या दिवशी तळ हलला तेव्हा आक्का ओली बाळंतीण. पोराला कोकरांच्या टोपलीत घालून ती घोडीमागं चालत निघाली. मी एकदा विचारलं होतं, "आक्का, दुखत नव्हतं का गं?" ती म्हणाली, "दुखत हुतं की. पर रान दुसऱ्याचं. थांबून कसं चालंल?" आणि तिनं विषय बदलला.

ह्या वर्षी वैशाखाच्या शेवटाला धुळाची मेंढरं कोकणातनं माघारी आली. तो दारात आला, पाठीमागं आक्का काठी टेकत. "मामा, हिला आता चालवत न्हाई. गुडघा गेलाय. एवढा पावसाळा हिला तुमच्यात ठिवा," म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला. मेंढरं वाटेवर उभी होती.

आक्का उंबऱ्यात उभी राहिली. मला वाटलं, आता ही माझी खरडपट्टी काढणार. पण तिचा चेहरा बघितला आणि मीच घाबरलो. ती पार गोंधळून गेली होती. ती आत बघायची, बाहेर बघायची, परत आत बघायची.

"नाना," ती म्हणाली, "हितनं कोण उठून गेलंय?"

"कोण नाही गं. मी इथंच राहतो."

"मंग हे उठून गेलेल्या तळावानी का दिसतंय?"

ती आत आली, एका कपड्यावर पाय पडला, बाजूला झाली तर बाटलीवर पडला, आणि तिनं भिंत धरली. "आरं, ह्यातनं निघायचं कसं?" ती सारखं हेच विचारत होती. मला वाटलं होतं, बाईमाणूस आलं, आता घर लागेल. कसलं काय! आंधळ्याची बहिऱ्याशी गाठ. हिनं जन्मात चार भिंतींचं घर राखलेलं नव्हतं.

रात्री घरात झोप म्हणून सांगितलं तर नाही म्हणाली. अंगणात लिंबाखाली घोंगडी टाकून झोपली. सकाळी मी उठलो तर ती घराकडं तोंड करून बसलेली. म्हणाली, "मी लय इचार केला. आमच्यात घाण झाली की आपुन जातो. हितं घाण बी ऱ्हाती आन् तू बी ऱ्हातोस. मंग जायाचं कुणी?"

"मला काय विचारतेस? मलाच कळत नाही."

"मंग आपुनच जाऊ," ती म्हणाली. "ऊठ. घोडी किती उचलंल तेवढंच भाईर काढ."

"घोडी कुठाय?"

"हाय असं समज. आन् डोकं खाऊ नगं."

तिनं अंगणात घोंगडी पसरली. मी आत गेलो. काय आणावं कळेना. मिक्सर आणला, कुकर आणला, टीव्हीचा रिमोट आणला, सहा सदरे, दोन छत्र्या, आणि माझं जुनं तिकिटाचं यंत्र ठेवायचं पाकीट. आक्कानं एकेक बघितलं. "घोडी बसली," ती म्हणाली. मी परत आत, परत बाहेर. "आरं, तिचं कंबरडं मोडलं की! आज रातच्याला काय लागतंय तेवढं आण." असं चार वेळा झाल्यावर घोंगडीवर बावीस वस्तू राहिल्या. एक तवा, दोन ताटं, दोन तांबे, परात, पिठाचा डबा, अंथरूण, दोन सदरे, चष्मा, माझ्या गोळ्या, असलं. मी त्या बावीस वस्तूंकडं बघत राहिलो. सगळ्या एका नजरेत दिसत होत्या. दोन वर्षांत मला पहिल्यांदा माझं काहीतरी दिसत होतं.

आम्ही अंगणात राहायला लागलो. बहीण-भाऊ, लिंबाखाली, स्वतःचं पक्कं घर मागं असताना. आक्कानं तीन दगडांची चूल मांडली. आणि मग तिनं माझा छळ सुरू केला. उठलो की तोंड धुवायच्या आधी अंथरूण गुंडाळायचं. "चहा झाल्यावर गुंडाळतो," म्हणलं तर चहाच मिळायचा नाही. जेवलं की उठताना ताट घेऊनच उठायचं आणि घासूनच परत बसायचं. "खरकट्या भांड्यावर रात काढली की कोल्हं येतं," म्हणायची. वडूजच्या भर वस्तीत कुठलं कोल्हं येणार? पण ती असं काही बघायची की मी घासायचो. आणि दिवस मावळायला मोजणी. ती पन्नास वर्षं मेंढरं मोजत आली होती, आता तिनं मला वस्तू मोजायला लावल्या. एक, दोन, तीन, बावीसपर्यंत. एखादी कमी पडली की आधी ती शोधायची, मग भाकरी. चष्मा रोज हरवायचा. आठव्या दिवसापासून तो हरवायचा थांबला, का ते मला माहीत नाही.

"आक्का, मी काय मेंढरू आहे का?" एकदा मी चिडून म्हणलं.

"मेंढरू बरं. त्येला आपली जागा कळती."

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तळ हलवायचा."

"कुठं?"

"म्होरं. घरात."

तेव्हा मला तिची युक्ती कळायला लागली, आणि तीही निम्मीच. तळ पुढं टाकायचा तर आधी रान मोकळं पाहिजे. म्हणून बाहेरच्या खोलीतली फक्त दाराकडची निम्मी बाजू रिकामी करायची. तिथलं सगळं उचलून बाहेर आणायचं, झाडायचं, पुसायचं आणि आपल्या बावीस वस्तू घेऊन तिथं तीन दिवस राहायचं. बाकी घर जसं आहे तसं. मला बाकीचं घर बघून घाम फुटायचा. पण आक्का तिकडं बघायचीच नाही. "त्ये म्होरल्या तळाचं रान. त्येचं आज न्हाई." ज्या वस्तू बाहेर काढल्या त्यातली एखादी तीन दिवसांत लागली तर ती घोडीवर चढायची आणि बावीसच्या तेवीस व्हायच्या. न लागलेल्या तशाच अंगणात ताडपत्रीखाली. तळ पुढं गेला की त्यातलं कामाचं तेवढं पुसून आत फळीवर, कपाटात, खिळ्याला ठरल्या जागी जायचं, बाकीचं भंगारात. आत कुणाला चूल पेटवू द्यायला मी काही खुळा नव्हतो, म्हणून चूल अंगणातच, पण दर तळाला तिचीही जागा बदलायची. आणि जुनी जागा सोडताना आक्का ती झाडायची, राखेवर पाणी मारायची आणि चुलीचे तीन दगड पालथे घालून ठेवायची.

"हे कशाला?"

"पालथा दगूड बघितला की मागनं येणाऱ्याला कळतं, हितली माणसं हालून गेली, पळून न्हाई गेली."

सदऱ्याचं कोडं मात्र तिलाही सुटेना. मी एकदाच घातलेला सदरा तिच्यापुढं धरला. "हा कुठं ठेवू?" "धुतल्याला का मळका?" "दोन्हीच्या मधला." ती बघतच बसली. तिच्याकडं दोन लुगडी. एक अंगावर, एक कुंपणावर. मधलं काही तिनं कधी बघितलंच नव्हतं. दोन दिवस ती त्यावर विचार करत होती, शपथ सांगतो. मग तिनं भिंतीत एक खिळा ठोकायला लावला. "मधल्याला ही खुटी. खुटी एकच. दुसरा आला की पयला बादलीत." एवढंच! दोन वर्षं खुर्ची आणि पलंग ज्यानं खाल्ला, त्याला एक खिळा पुरला. मला हसावं का रडावं कळेना.

आता तुम्हाला वाटेल, झालं, माणूस सुधारला. नाही. एकदा आक्काला कणकण आली, ती दोन दिवस पडून राहिली. मी मोजणी केली नाही. एक ताट राहिलं. दुसऱ्या दिवशी ताडपत्रीखालची आणखी ताटं काढली, चार राहिली. अंथरूण तसंच. तिसऱ्या दिवशी मी दारात उभा राहिलो आणि पुन्हा तोच घाम, तेच बंद पडलेलं डोकं. मी तिला जाऊन सांगितलं, "आक्का, मला हे जमणार नाही. पोरीला तिकडंच राहू दे." ती पडल्या पडल्या म्हणाली, "एक मेंढरू चुकलं म्हणून कुणी कळप इकतंय व्हय? जा, एक ताट घास." मी एक घासलं. मग उरलेली तीनही घासली. ती कशी घासली गेली ते मला कळलं नाही.

असे आठ-नऊ तळ टाकत आम्ही शेवटी मागच्या खोलीत पोचलो. तिथं मी दोन वर्षं पाऊल टाकलं नव्हतं, नुसत्या वस्तू फेकल्या होत्या. ढिगाच्या तळाला हौसाची पत्र्याची ट्रंक निघाली. उघडली तर वर कापराच्या वड्या आणि खाली पाच सुती लुगडी. जुनी, विरलेली, धुवून धुवून मऊ झालेली. एकाही लुगड्याला काठ नाही, काठ उसवून काढलेले. मला काही उमजेना. "ही फाटकी लुगडी हिनं कापूर घालून कशाला ठेवली?" मी म्हणलं. "दे त्या बोहारणीला."

आक्कानं एक लुगडं गालाला लावलं. "खुळा का काय तू? काठ टोचतो म्हणून काढल्याला हाय. बाळाला गुंडाळायला. हौसानं पोरीच्या बाळतपणाची तयारी करून ठिवलीया."

तेव्हा समीक्षाला दिवससुद्धा नव्हते. हौसा आजारी होती आणि तरी बसून काठ उसवत होती, आणि मी त्याच घरात असून मला पत्ता नव्हता. वर मी त्या ट्रंकेवर दोन वर्षं घाण टाकत बसलो. मला माझी इतकी लाज वाटली की मी आक्काकडं पाठ करून उभा राहिलो. ती म्हणाली, "रडून घे. मंग धू." मी ती पाचही लुगडी स्वतःच्या हातानं धुतली.

इकडं आळीत काय चाललं होतं ते मला ठाऊकच नव्हतं. समोर गुंडाची पिठाची गिरणी. दळण घेऊन आलेली सगळी माणसं आमचा तमाशा बघायची. रिटायर कंडक्टर दर तिसऱ्या दिवशी अंथरूण-पांघरूण घेऊन घराबाहेर येतो, वस्तू मोजतो, चूल मोडतो, दगड पालथे घालतो आणि चार हातांवर परत संसार मांडतो. गुंडा मनानं चांगला. पण त्याच्याजवळ अमृतचा नंबर होता. "तुमच्या सासऱ्याचं डोकं फिरलंय," त्यानं कळवलं, "बहीण-भाऊ रोज कुठंतरी निघायची तयारी करत्यात."

ज्येष्ठातल्या एका सकाळी दारात गाडी थांबली. आणि नेमका तो तळ हलवायचा दिवस. सगळ्या बावीसच्या आता एकेचाळीस झालेल्या वस्तू अंगणात घोंगडीवर मांडलेल्या. चूल विझवलेली, तिन्ही दगड पालथे. मी बनियनवर, हातात केरसुणी. गाडीतनं अमृत उतरला, रंगुबाई उतरली आणि मागनं हळूहळू समीक्षा. पोट चांगलंच दिसत होतं. ते बघून मला इतका आनंद झाला की मी केरसुणी खाली ठेवायचं विसरलो.

"आवं नाना," रंगुबाई घाबरून म्हणाली, "कुठं निघाला?"

"कुठं नाही. तळ हलवतोय."

"कुठं?"

"इथंच. घरातच."

तिनं अमृतकडं बघितलं. अमृतनं खाली बघितलं. मी सुधारायला गेलो आणि आणखी बिघडवलं. म्हणलं, "म्हणजे घोडीवर मावतं तेवढंच बाहेर काढलंय." "कुठली घोडी?" "घोडी नाही. पण आहे असं समजायचं." माझं मलाच ऐकू येत होतं, मी किती येडा वाटतोय ते. आयुष्यभर लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणणारा माणूस, आणि माझी जीभ एका जागी अडकली. रंगुबाईनं समीक्षाचा दंड धरला. "चल बाई. बघितलं ना आता डोळ्यानं? त्यास्नी डॉक्टरला दाखवू, पर तुला हितं ठिवायची न्हाई."

संपलं, माझ्या मनात आलं. अक्षय्यतृतीयेला निदान घर घाण होतं. आता माणूसच बिघडलेला ठरला. मी आक्काकडं बघितलं. तिच्या लेखी ह्यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच.

समीक्षानं दंड सोडवून घेतला. तिला प्रवासानं त्रास होत होता. पोटावर हात ठेवून ती पायरीवर टेकली आणि सवयीनं, कुणाला असं नाही, म्हणाली, "पोट डब्ब झालंय गं. ओवा कुठं असेल आता?"

"स्वयंपाकघरात, खालच्या फळीवर, डावीकडनं दुसरा डबा," मी म्हणलं.

मी विचार करून बोललो नव्हतो. समीक्षानं मान वर केली. तिला आठवत होतं, ह्या घरात कुणी काही विचारलं की तिचा बाप काय ओरडायचा ते. "आईला विचार!" इतक्या वर्षांत माझ्याकडं दुसरं उत्तरच नव्हतं.

ती हळूच म्हणाली, "कात्री?"

"खिडकीजवळच्या खिळ्याला."

"माझी जुनी गरम पाण्याची पिशवी?"

"कपाटात, मधला कप्पा. भोक पडलं होतं. नवी आणलीय."

रंगुबाई तोवर आत गेली होती. एक खोली, दुसरी, तिसरी. बाई चपळ, तिनं डबेसुद्धा उघडून बघितले असणार. ती परत दारात आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरही माझ्यासारखाच गोंधळ होता. घर लख्ख होतं आणि घरमालक खुळ्यासारखा बोलत होता, ह्यातलं खरं कुठलं ते तिला ठरवता येईना. "आन् नाना," तिनं शेवटचं विचारलं, "बाळाला गुंडाळायला मऊ फडकी लागत्यात. ती आमी तिकडनं..."

"ट्रंकेत आहेत," मी म्हणलं. "पाच लुगडी. काठ काढलेली. समीक्षाच्या आईनं ठेवलीत."

समीक्षानं पायरीवर बसल्या बसल्या चपला काढल्या. एक काढली, मग दुसरी, आणि पायानंच भिंतीकडं सारल्या. "आत्या," ती आक्काला म्हणाली, "मी इथंच राहते." सासूकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. रंगुबाई गाडीकडं वळून म्हणाली, "अमृत, हिची पिशवी काढ रं."

मी समीक्षाला आत न्यायला पुढं झालो, आणि डोक्यात लगेच दुसरा घोर लागला. आज तिसरा दिवस. तळ हलवायचा का नाही? बाळंतिणीची खाट दर तीन दिवसांनी कुठं कुठं नेणार? का ती एकटीच राहू द्यायची आणि आपण हलायचं? "आक्का," मी म्हणलं, "आता पुढचा तळ कुठं टाकायचा?"

गुडघा धरत आक्का चुलीपाशी बसली. सकाळी स्वतःच पालथे घातलेले तिन्ही दगड तिनं एकेक करून सुलटे केले.

"माझा तळ तिसऱ्या दिशी हालला हुता," ती म्हणाली. "हिचा हालायचा न्हाई."

मग तिनं माझ्याकडनं पाण्याचा तांब्या मागून घेतला आणि दगड पक्के बसवायला माती कालवायला लागली.